वाकडे खडे

सुरतेतल्या उधन्याच्या शाळेत मी दहावीच्या वह्या तपासत होते. मान दुखत होती. एका वहीला साडीवर खडे चिकटवायच्या गोंदाचा वास आला आणि माझा पेन थांबला.

दहावीत माझ्याही वहीला हाच वास यायचा. आई घरी साड्यांवर खडे लावायची, मी मदतीला. इंग्रजीत नापास झाले तर शाळा बंद, असं बाबांनी बजावलं होतं. मांडीवर साडी, तोंडात पाठांतर. 'एन्जॉय'नंतर 'आयएनजी', 'वाँट'नंतर 'टू', 'अव्हॉइड'नंतर... तिथे रोज अडायचे.

"ऊठ वं," एका दुपारी आई म्हणाली. "तुझे खडे वाकडे बसतात. तू आपलं ते टू-टू कर."

मला राग आला. वही घेऊन दाराशी बसले आणि रागारागात सगळी यादी पाठ केली. परीक्षेपर्यंत तिनं मला साडीला हात लावू दिला नाही. मी पास झाले.

परीक्षेच्या महिन्यात, काम देणाऱ्या शेठनं खडे वाकडे म्हणून चार साड्या परत पाठवल्या. चारही आईनं एकटीनं, डोळे चोळत केलेल्या. माझ्या हातची एकही साडी कधी परत आली नव्हती.

तेव्हा मला बरं वाटलं होतं.