लग्नपत्रिकांचे तारे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की मी लोकांकडे जुन्या लग्नपत्रिका मागायला लागते. लालबागच्या आमच्या इमारतीत आता सगळ्यांना हे ठाऊक झालंय. लग्न उरकलं की कुणी ना कुणी दारात येऊन पत्रिका देऊन जातं. कागद जाड असतो, वर सोनेरी नक्षी असते. गणपतीचं चित्र तेवढं अलगद कापून बाजूला ठेवायचं, ते टाकवत नाही. उरलेल्या कागदातून दोन तारे सहज निघतात.

मी परळच्या एका लहान शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. दर डिसेंबरला वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी घरी बनवलेलं काहीतरी देते. पत्रिकांचे तारे, जुन्या उशीच्या कापसाची दाढी लावलेले सांताक्लॉज, जुन्या बांगड्यांना हिरवी लोकर गुंडाळून केलेली तोरणं. माझ्या सासूबाई नारळाच्या करवंट्या काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करतात आणि मी त्यात मेण ओतते. विकतचं काही आणायचं नाही, हा माझा हट्ट. मुलांच्या आयांनाही वाटायला हवं की हे आपल्यालाही जमेल.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबर संपत आला होता. दुपारची वेळ. नवरा शिवडीच्या गोदामात कामावर, मुलगी कॉलेजला. सासूबाई फरशीवर पाय पसरून करवंटी घासत होत्या आणि मी टेबलाशी बसून तारे कापत होते. पाचव्या ताऱ्याला कात्री रेषेबाहेर गेली. मी दुसरी पत्रिका घेतली. पुन्हा तेच. मग कात्री खाली ठेवली आणि उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं हलत होती. फार नाही. खिडकीजवळ ठेवलेला कागद जरासा हलावा, तेवढीच.

मी हात मांडीखाली दाबून धरला आणि तशीच बसून राहिले.

खरं तर दिवाळीत रांगोळी काढतानाच मला शंका आली होती. ठिपके जागेवर पडत नव्हते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, थकवा असेल. आता तसं सांगता येईना, कारण मला माझे वडील आठवले.

वडील ठाकूरद्वारला राहायचे आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, एका दमात सरळ अक्षर काढायचे. साठीच्या आसपास त्यांच्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासायला लागलं. वाडीतले लोक म्हणायचे, "अण्णा, जप चालू केलात वाटतं." तेही हसायचे. पुढे तो हात थांबेना. मग पावलं बारीक पडायला लागली, आवाज खोल गेला, चेहऱ्यावरचं हसू कायमचं मावळलं. आठ वर्षं आम्ही ते पाहिलं. शेवटी शेवटी पाणीही आई चमच्याने पाजायची. त्यांचा हा आजार मुलीला येतो का, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं. त्या दुपारी मोबाइलवर शोधलं आणि अर्ध्यातच बंद केलं.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं, आणि मला तेच नको होतं. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होणार. शिवाय शाळेत मी कायम नव्हते. दरवर्षी जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र मिळायचं. हात थरथरणारी टीचर लहान मुलांच्या वर्गावर कोण ठेवील, असं सारखं मनात यायचं.

म्हणून मी लपवायच्या युक्त्या शोधल्या. चहा कपबशीऐवजी स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धाच. फळ्यावर लिहिताना डाव्या हाताने मनगट धरायचं. आणि कात्री कपाटात ठेवून मी कागद हाताने फाडायला लागले. फाडलेल्या हिरव्या तुकड्यांची ख्रिसमस ट्री केली. तिच्या कडा ओबडधोबड यायच्या, पण त्या तशाच असायच्या, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

शाळेत ते सगळ्यांना आवडलं. इतकं आवडलं की मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"पुढच्या शनिवारी पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवू या," त्या म्हणाल्या. "घरच्या घरी, कमी खर्चात ख्रिसमसच्या भेटी. तुम्ही समोर करून दाखवा. तो तुमचा सहा टोकांचा तारा आहे ना, घडी घालून कापायचा, तो तर हवाच."

"फाडलेल्या कागदाचं झाड दाखवू का? ते सोपं आहे."

"ते दाखवा की. पण तारा मुख्य. आम्ही तसं पालकांना कळवलंय पण."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. दुपारी घरी आले की दार लावून तारा कापून बघायची. कधी बरा यायचा, कधी पहिल्याच कापाला वाट चुकायचा. घाबरले की हात जास्त हलायचा आणि हलला की मी अजून घाबरायची. आधीच कापलेले तारे न्यावेत आणि फक्त चिकटवून दाखवावेत, असंही ठरवून झालं. मग वाटायचं, कुणीतरी म्हणणारच, टीचर, कापून दाखवा ना. बुधवारी मी चाळीस पत्रिका खराब करून एका पिशवीत भरल्या आणि ती पिशवी जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबली.

गुरुवारी मी कागद फाडत बसले होते. सासूबाईंनी हातातली करवंटी खाली ठेवली.

"गेले पंधरा दीस बघतंय मी," त्या त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "कात्री कपाटात आणि तू आपली कागद फाडतंस."

"नवीन पद्धत आहे आई."

"पद्धत नाय ती. हात दाखय."

मी दाखवला नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, टेबलाशी आल्या आणि माझा हात स्वतःच धरला. त्यांचे तळवे करवंट्यांच्या भुशाने खरखरीत झाले होते. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला, जणू ताप बघतायत.

"बापाशीचा आठावता तुका. व्हय ना?"

मला रडू आलं. मी मान हलवली.

"माझ्या झिलाक सांगलंस?"

"नाही."

"तां असला तर असांदे. पण नसला तर भियान कित्याक मरतंस?" त्या पुन्हा खाली बसल्या आणि करवंटी हातात घेतली. "शनवारी मी येतंय. करवंटी मी दाखयतंय. तितकाच तुका कमी."

आपल्या मुलाला त्यांनी सांगितलं नाही. ते मीच सांगायचं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि मी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलांचे बुटके बाक लावले होते. तीस-पस्तीस आया, दोन-तीन वडील, एक आजोबा. सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मोठ्या बाई दाराजवळच्या खुर्चीत. सासूबाई नऊवारी सावरत पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर करवंट्यांची पिशवी होती.

सुरुवात बरी झाली. सासूबाईंनी मालवणीत करवंटी कशी घासायची ते सांगितलं आणि लोकांना ते भलतंच आवडलं. एका आईने विचारलं, "आजी, काच हाताला लागत नाही?" तर त्या म्हणाल्या, "लागता की. मगे जपान धरूची." सगळे हसले. मी फाडलेल्या कागदाचं झाड करून दाखवलं. बांगड्यांचं तोरण एका आईच्या हातात देऊन तिच्याकडूनच गुंडाळून घेतलं.

मग ताऱ्याची वेळ आली.

पत्रिकेची घडी घातली. कात्री लावली. हॉल इतका शांत झाला होता की कागदाचा फडफडाट मलाच ऐकू येत होता. तो कागद कात्रीमुळे वाजत नव्हता, माझ्या हातामुळे वाजत होता. पहिला काप वाकडा गेला.

पुढे बसलेली एक तरुण आई हळूच म्हणाली, "टीचर, टेन्शन घेऊ नका. आम्हीच आहोत."

"हो, थोडं टेन्शन आलंय," मी हसून म्हणाले. इतकी सोपी सुटका समोरून आली होती, मी ती घेतली. कसाबसा तारा पूर्ण केला. उघडल्यावर त्याची दोन टोकं आखूड आणि एक तुटलेलं निघालं. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी दुसऱ्या वस्तूकडे वळणार इतक्यात तीच आई मोबाइल घेऊन उठली. "एकदा परत कापाल का? व्हिडिओ घेते. ग्रुपवर टाकते, जे आले नाहीत त्यांना पण बघता येईल."

तिने मोबाइल माझ्या हातांवर रोखला. मी कात्री उचलली आणि पुन्हा ठेवली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"व्हिडिओ नको," मी म्हणाले. "मगाशी मी खोटं बोलले. टेन्शन नाहीये. माझा हात थरथरतो. दोन महिने झाले. कशामुळे ते मला अजून माहीत नाही."

त्या आईने मोबाइल पर्समध्ये टाकला. आजोबा म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला असंच सुरू झालं होतं," आणि मग पुढचं न सांगताच गप्प झाले. ते पुढचं काय असेल, याचा मी दोन दिवस विचार करत राहिले.

ती तरुण आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "तुम्ही सांगा, मी कापते. घडी कुठून घालायची?"

मी सांगत गेले, ती कापत गेली. तिच्याकडूनही पहिला तारा बिघडला. दुसरा आला. त्यानंतर बाकीच्यांनीही कात्र्या घेतल्या आणि हॉलमध्ये नुसता कलकलाट झाला. मी बाकांमधून फिरत घड्या दुरुस्त करत होते. घडी घालायला माझे हात चालत होते.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई जवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"डॉक्टरकडे गेलात?"

"नाही."

"सोमवारी शाळेत येऊ नका. आधी तिकडे जा. बाकीचं मग बघू."

त्या 'बाकीचं' या शब्दाने मला रविवारभर छळलं.

नवऱ्याला मी शनिवारी दुपारीच सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. "आईला माहीत. शाळेला माहीत. सगळ्या पालकांना माहीत," तो म्हणाला. "मी कितव्या नंबरवर?" तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. रविवारी सकाळी त्याने माझे जुने रिपोर्ट काढून फाइलमध्ये लावले आणि सोमवारी माझ्याआधी तयार होऊन दारात उभा राहिला.

परळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आमचा नंबर यायला तीन तास लागले. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, त्यांचा हात मांडीवर अखंड हलत होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते आणि पुन्हा पुन्हा बघत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने माझ्याकडून कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं वेटोळं काढून घेतलं. ते करवतीच्या दात्यांसारखं आलं. हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं. मग म्हणाली, "आता हात मांडीवर ठेवा आणि एक ते वीस आकडे उलटे म्हणा."

मी वीस, एकोणीस करत एकपर्यंत आले. ती माझ्या हाताकडे बघत होती. वडिलांच्या आजाराचं मी तिला आधीच सांगितलं होतं.

"वडिलांचा हात कधी हलायचा? काम करताना की नुसतं बसल्यावर?"

"बसल्यावर. आम्हाला वाटायचं, जप करतायत."

"तुमचा उलटा आहे. काम करताना हलतो, स्वस्थ असताना थांबतो. आत्तापर्यंत जे दिसतंय त्यावरून तुम्हाला वडिलांचा आजार नाहीये. हा वेगळा कंप आहे. रक्त तपासू, थायरॉइड बघू, गोळी देते."

"पुढे होणार नाही ना तो?"

"पुढचं मी लिहून देऊ शकत नाही," ती म्हणाली. "आज नाहीये. सहा महिन्यांनी या."

बाहेर आल्यावर नवऱ्याने माझी फाइल घट्ट छातीशी धरली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी बसमध्ये, देवळात, टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून त्याच्यावर पाळत ठेवायची. तो स्वस्थ असायचा, तरी माझी नजर हलायची नाही.

त्या नाताळला वर्गात टांगायला तारे मुलांच्या घरून आले. जूनमध्ये मोठ्या बाईंनी मला नेहमीसारखंच पत्र दिलं. पाकीट मी तिथेच उभ्याने उघडलं. आत एवढंच वेगळं होतं की फळ्याच्या कामासाठी वर्गाला एक मदतनीस बाई मिळाली होती. ती दया होती की सोय, हे मी विचारलं नाही.

गोळीने कंप कमी झाला, पण दुपारी झोप अनावर होते. सहा महिन्यांनी आम्ही दोघं पुन्हा गेलो. डॉक्टरने पुन्हा वेटोळं काढायला लावलं, जुना कागद शेजारी ठेवला आणि म्हणाली, "आधीपेक्षा बरं आहे. वाढलं नाहीये. आता वर्षाने या." बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, भूक लागलीय. आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून मिसळ मागवली. मी चमच्याने खाल्ली, थोडा रस्सा साडीवर सांडला. त्याने आपला रुमाल पुढे केला, आणि वेटरला अजून एक पाव आणायला सांगितलं.