नानांच्या कवळीचं दुसरं माप

दुपारची जेवणं उरकली आहेत. आई शेजारी पापड लाटायला गेली आहे आणि तनुजा पंख्याखाली चटईवर पडून मोबाइलकडे बघते आहे. 'नीट' परीक्षेच्या अर्जाचं पान उघडं आहे. आज शेवटचा दिवस. तिचं नाव भरून झालंय, बाबांचं नाव भरून झालंय, आणि त्यापुढे बोट काही सरकत नाही.

गेल्या वर्षी ती दाताच्या डॉक्टरकीसाठी बसली आणि थोडक्यात हुकली. एमबीबीएस हुकलं की डेंटल घ्यायचं, अशी विट्यातल्या त्यांच्या गल्लीची पक्की समजूत. आपल्याला पहिल्यापासून दातांचंच डॉक्टर व्हायचंय, हे सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. आणि तेही मिळालं नाही म्हटल्यावर गल्लीला चघळायला विषयच मिळाला. मग बाबांनी तिला गावातल्या कॉलेजात बीएस्सीला घातलं. सकाळी ते म्हणाले की चाललंय ते बरं चाललंय, पुन्हा कशाला तोंड पोळून घ्यायचं. बोलण्यात राग नव्हता. निकालानंतर पोरगी भिंतीकडे तोंड करून कशी पडून होती, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर तिला उलट काही बोलता आलं नाही.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर चालू राहते, आणि हळूहळू त्या घरघरीत कुणीतरी ताशा मिसळतं.

तनुजा परीक्षेच्या बाकावर बसली आहे, पण बाक भर रस्त्यात आहे आणि दोन्ही बाजूंनी वरात चालली आहे. नवरदेवाची घोडी थांबते, तिची उत्तरपत्रिका हुंगते आणि पुढे जाते. याचं तिला काही वाटत नाही. तिच्या शेजारी पर्यवेक्षक म्हणून जो माणूस उभा आहे त्याचं मात्र वाटतं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट. सुबानाना. बाबांचे थोरले भाऊ, जन्मभर बँडमध्ये वाजवलेले.

"नाना, तुम्ही तर गेलाय," ती हळूच म्हणते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"व्हय की," नाना म्हणतात. "म्हणून काय वरात थांबती?"

ते क्लॅरिनेट तोंडाला लावतात. सूर चढतो, श्वास घ्यायला तोंड उघडतं आणि वरची कवळी निसटून थेट घोडीच्या पायात जाते. लोक हसतात. हे खरंच घडलं होतं, अगदी असंच. तनुजा बाकाखाली वाकते तेव्हा ती सात वर्षांची आहे, अंगात परकर-पोलकं आहे. घोडीच्या खुरांमधून ती कवळी उचलते, रसवंतीच्या नळाखाली धुते आणि परकराला पुसते. हातातले दात अजून उबदार आहेत.

मान वर करते तर रसवंतीच्या जागी दातांच्या डॉक्टर शिरगुप्पे मॅडमचा दवाखाना आहे. नाना दवाखान्याच्या खुर्चीत रेलले आहेत, लाल कोटासकट. वरात खिडकीतून जात राहते.

"त्या दिवशी समदी हसली," नाना म्हणतात. तोंडाचं बोळकं झालेलं, पण शब्द स्वच्छ येतात. "तुजा बापसुदिक ताशा सोडून मान फिरवून हुबा ऱ्हायला. तू तेवढा हात घातलास. किळस न्हाई आली तुला?"

तनुजा खरंच आठवून बघते. किळस नव्हती. ते दात कसे बसवलेत, मागून गुलाबी काय लावलंय, तरी ते सुटले का, एवढंच डोक्यात होतं.

नाना सांगतात की त्या रात्री त्यांनी क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली होती. वाजवणं संपलं म्हणून झोपले. सकाळी ही पोर उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, नाना, ही मापाची नाही, दुसरी करायला सांगू या. बोट धरून दवाखान्यात तीच घेऊन गेली. तनुजाला यातलं काही आठवत नाही. तिला आठवतं ते पुढचं. मॅडम म्हणाल्या होत्या की पहिलं माप माझंच चुकलं, आता वाजा घेऊन या. मग नाना खुर्चीत बसून वाजवायचे, मॅडम कवळी काढून घासायच्या, पुन्हा बसवायच्या, नाना पुन्हा वाजवायचे. बाहेर गाल सुजलेली माणसं गाल धरून ऐकत बसली होती.

"त्येच्यानंतर किती लगीनसराया वाजवल्या म्या," नाना म्हणतात. "हे तुला सांगायचं ऱ्हायलं हुतं. तुज्यामुळं वाजवलं, पोरी."

हे तर सगळं उलटं आहे, असं तनुजाला ओरडून सांगावंसं वाटतं. त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसूनच तर तिला कळलं होतं की मोठेपणी काय करायचं.

"नाना, मला तुमच्यामुळं कळलं," एवढंच तिला जमतं.

नाना हसतात, आणि हसताना त्यांच्या तोंडात दात आहेत, दुसऱ्या मापाचे, चांगले बसलेले. ते क्लॅरिनेट तिच्या हातात देतात. तिने आजवर त्याला कधी ओठ लावलेला नाही. नाना सांगतात, खालचा ओठ आत दुमड, दातावर घे, वरचे दात ठेव टेकून, आता फुंक. नुसतीच हवा जाते.

"परत," नाना म्हणतात.

ती सगळा जीव ओतून फुंकते. चिरका, लांबलचक सूर निघतो, घोडी बिचकते, आणि तनुजा चटईवर उठून बसते.

डोळे ओले आहेत आणि छाती हलकी झाली आहे. खालचा ओठ मात्र ठणकतोय. आरशासमोर जाऊन ती तो खाली ओढते. आतल्या बाजूला पुढच्या दातांचे ठसे उमटले आहेत, ओळीने, लाल आणि खोल.

बाबा चहासाठी घरी आलेत. तिला तसं उभं बघून ते हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवतात आणि काय झालं विचारतात. झोपेत चावला असेल, ती म्हणते.

बाबा हनुवटी सोडत नाहीत.

"क्लॅरनेट शिकताना असं हुतं," ते म्हणतात. "दादा नवीन शिकत हुता तवा त्येच्या ओठाला असंच वळ असायचं. गरम च्यासुदिक पिता यायचा न्हाई त्येला."

बाबा खाली चटईवर पडलेला मोबाइल उचलतात, शर्टाला पुसतात आणि तिच्या हातात ठेवतात.

"बस. अर्ज भरून टाक," ते स्वयंपाकघराकडे जात म्हणतात. "च्या मी ठेवतो. निववून देतो तुला, न्हाईतर झोंबंल."