पहिल्या रांगेतले सासरे

माझे सासरे साठच्या दशकात इंग्लंडच्या टीव्हीवर दिसले होते, आणि याला कसलाही पुरावा नव्हता.

तेव्हा ते लंडनजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर होते. (पुढे अमेरिकेत येऊन हाडांचे सर्जन झाले, टेक्सासमधले असंख्य गुडघे दुरुस्त करून रिटायर झाले आणि आता सासूबाईंसह शुगर लँडला आमच्याकडेच राहतात.) एका पेशंटने त्यांना पॉप गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचा पास दिला. वाढलेल्या केसांची चार पोरं गिटार-ड्रम घेऊन स्टेजवर आली, बाबा पहिल्या रांगेत बेभान नाचले, मुख्य गायकाने खास त्यांना डोळा मारला आणि कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं!

"मग दाखवा की!" असं कुणी म्हटलं, की बाबा खोल उसासा सोडायचे. "टीव्हीवाल्यांनी टेप पुसली रे. टेपा महाग होत्या. जुनं पुसायचे आणि त्यावरच नवं घ्यायचे. गेलं सगळं!"

ही गोष्ट मी लग्न ठरताना, लग्नात (हातात हार असताना!) आणि त्यानंतर दर थँक्सगिव्हिंगला ऐकली आहे. सासूबाई शेजारी बसून शांतपणे मटार सोलायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी मुलगी रेवा जिन्यावरून ओरडत आली, "डॅड! आजोबांचा शो सापडला! लाइक, फॉर रिअल!"

इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेडमध्ये फिल्मची जुनी रिळं निघाली होती. कार्यक्रमाची एक प्रत त्यांनी कधीतरी कचऱ्यात जाता जाता वाचवली होती. अशा हरवलेल्या कार्यक्रमांच्या मागे लागलेल्या काही वेड्या मंडळींनी ती साफ करून ऑनलाइन टाकली होती. तोच ग्रुप, तोच कार्यक्रम!

बाबांना हे सांगितलं, तर त्यांचा चहा कपातून बशीत आणि बशीतून पायजम्यावर गेला.

"सापडला? असा कसा सापडेल? पुसला होता ना!"

"बाबा, आनंदाने थरथरताय तुम्ही!" मी म्हणालो.

मी पाइपलाइन इंजिनिअर आहे. कुठे किती प्रेशर वाढलंय हे ओळखण्याचा मला पगार मिळतो.

रेवा लगेच फोनवर लावायला निघाली. मी फोन हिसकावला. "एवढा मोठा क्षण आणि एवढीशी स्क्रीन? नो वे! शनिवारी दुपारी सगळ्या महाराष्ट्र मंडळाला बोलवू. तोवर कुणीही बघायचं नाही!"

"आधी आपण एकदा बघून घेऊ या का?" माझी बायको मीनल म्हणाली.

"सरप्राइज जाईल!"

मी मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, असं पॉटलक ठरवलं. केकवर बाबांचा फोटो छापून घेतला आणि त्यांच्या टकलावर कपाळापर्यंत येणारे केस काढून घेतले. गुरुवारी बाबांनी मला गॅरेजमध्ये गाठलं.

"श्रीकांत, कॅन्सल करता येईल का रे? एवढ्या उन्हाचं लोक कुठून कुठून ड्राइव्ह करून येणार..."

"बाबा, किती तो विनय!"

शुक्रवारी घरातलं इंटरनेट गेलं. राउटरची वायर निघाली होती. शनिवारी सकाळी टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये कोथिंबिरीखाली सापडला. "वय झालं गं बाबांचं," मी मीनलला हळहळत म्हणालो.

दुपारी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी छोटंसं भाषण केलं. (वडे गार झाले, असं नंतर कळलं.) बाबा दाराजवळच्या खुर्चीत, पळायच्या तयारीत बसले होते. मी त्यांना हाताला धरून मधल्या सोफ्यावर आणून बसवलं आणि क्लिप सुरू केली.

काळं-पांढरं चित्र थरथरलं. पोरं गायला लागली. खाली गर्दी उसळत होती. मी पडद्याची काठी घेऊन टीव्हीजवळ गेलो.

"हे बघा बाबा!"

"श्रीकांत, ती मुलगी आहे," मंडळातले देवधरकाका म्हणाले.

"मग हे!"

"तो खांब आहे."

तेवढ्यात कॅमेरा पहिल्या रांगेवर आला. तिथे सहावारी साडीवर जाडजूड स्वेटर घातलेली, कमरेला पदर खोचलेली एक तरुणी असा काही ट्विस्ट करत होती, की आजूबाजूच्या गोऱ्या मुली मागे सरकल्या होत्या! मग तिने दोन्ही गालांवर हात ठेवून किंकाळी फोडली. गायकाने वाकून तिला डोळा मारला.



"आजी?" रेवा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. सासूबाईंनी हातातला वडा शांतपणे प्लेटमध्ये ठेवला. "मीच. ती साडी अजून आहे माझ्याकडे."

बाबा उभेच राहिले. "तू? तू तर विणकामाच्या क्लासला गेली होतीस!"

"आणि तुम्ही तर ड्यूटीवर होतात! पास टेबलावर पडलेला. वाया घालवू? शेजारची पोरगी निघाली होती, तिच्याबरोबर गेले."

"म्हणजे पास हरवला नव्हता?"

"बाबा," मीनलने कमरेवर हात ठेवले, "मग डोळा मारला वगैरे कुठून आलं?"

बाबा पुन्हा सोफ्यात बसले. "दुसऱ्या दिवशी नर्सेस सांगत होत्या, पहिल्या रांगेतल्या कुणा इंडियनला गायकाने डोळा मारला म्हणून. मला वाटलं, तो इंडियन आपण का असू नये?"

हशा इतका मोठा झाला, की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

"आई, मग इतकी वर्षं गप्प का राहिलीस?"

"अगं, मी तेव्हा इतकी गुंग झाले होते, की घरी आले तर काहीच आठवेना. हे सांगायचे ते इतकं रंगवून, की मी मटार सोलता सोलता पुन्हा जाऊन यायचे."

बाबांनी सोफ्यावर सरकून त्यांना शेजारी जागा केली. मग म्हणाले, "श्रीकांत, परत लाव रे." दुसऱ्यांदा त्यांनी स्टेजकडे पाहिलंच नाही. "काय नाचत होतीस गं!" एवढंच म्हणाले. केक सासूबाईंनी कापला आणि बाबांच्या नाकाचा तुकडा बाबांनाच भरवला.

मग अर्थातच आजींचा ट्विस्टचा क्लास सुरू झाला. "पायाखाली झुरळ आलंय असं समजून पाय घुमवा! आता हळूहळू खाली... खाली..."

मी खाली गेलो. वर आलो नाही.

माझ्या कमरेत कट्‌ असा आवाज झाला. बाबांना आठवडाभरात पहिल्यांदा खरा हुरूप आला. "कुणी हात लावू नका त्याला!" त्यांनी डॉक्टरी आवाज लावला. "श्रीकांत, आहेस तसाच थांब." जणू मला दुसरा काही पर्याय होता!

रेवाने ते सगळं शूट करून त्या इंग्लंडच्या मंडळींना पाठवलं. साडीवाली बाई कोण, या कोड्याचं उत्तर मिळाल्याने ती मंडळी हर्षभरित झाली आणि त्यांनी व्हिडिओ जगापुढे ठेवला. त्यात पुढे सासूबाई झोकात नाचताहेत आणि मागे मी खुर्चीच्या आकारात उभा आहे. एकाने खाली विचारलंय, मागचं ते फर्निचर कुठलं?

त्याला सासूबाईंनी स्वतः उत्तर दिलंय: "ते आमचे जावई. स्वभावाने चांगले आहेत."