दिल्लीला जाणारा माल

साऱ्या ओतुरात सुखी माणसानं कुणाला भ्यायचं असेल, तर ते आमच्या हिच्या मामांना. हा गृहस्थ तीस वर्षं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची प्रतवारी करत होता. टोमॅटोला अंगठा लावायचा आणि निकाल द्यायचा: हा मऊ, गावातच विका; हा दोन दिवसांचा, पुण्याला धाडा; हा कडक, दिल्लीला जाईल. मग खडूनं कॅरेटवर तसं लिहायचं. मामा निवृत्त झाले, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही आणि खडूही खिशातच राहिला. हाताखालचे टोमॅटो गेल्यावर त्यांनी माणसं तपासायला घेतली.

कुणी खुशीत दिसला रे दिसला, की मामा त्याच्या दंडाला अंगठा लावून मुदत सांगणार. किराणावाल्या शेठजींनी नवी गाडी घेतली, पेढे वाटले. मामांनी दोन पेढे खाल्ले आणि गाडीच्या काचेवर लिहिलं, 'पहिल्या ओरखड्यापर्यंत'. मी हेडमास्तर झालो तेव्हा माझ्या दारावर 'पहिल्या मीटिंगपर्यंत' असं उमटलं. खोटं कशाला बोलू, मीटिंगमधला चहा यायच्या आत माझी खुशी संपली होती. एका लग्नात तर त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवाचा गाल दाबला. वरपक्ष खवळला, मीच मध्ये पडलो. मामा आपले शांत. "अवो पावणं, खुशी वाईट न्हाई. मऊ असती, एवढंच. आनंद येगळा. त्यो येशूकडनं येतो. कुटंबी धाडा, नासत न्हाई."

"मग एकदा दाखवा की तो दिल्लीचा माल!" मी वैतागून म्हणालो.

"दावीन, जावईबापू. येळ आली की दावीन."

आता हा आनंद गल्लीला कसा भोवत होता, तेही सांगतो. रोज सकाळी सहाला मामा ओट्यावर बसत, गीतांचं पुस्तक उघडत आणि गात. गात म्हणजे काय! सूर ओतूरचा, ताल घाटघरचा, आणि दोघांची वाटेत कुठेही गाठ पडत नसे. शेजारची म्हैस पान्हा चोरायची. चर्चमध्ये पेटीवाला त्यांना गाठता गाठता घामाघूम व्हायचा. शेठजींनी तर हात जोडले. त्यावर मामा म्हणाले, "आवाज देवानं दिलाय. तक्रार तिकडं करा."

आणि मग मामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननं जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुण्याला निघायच्या सकाळी मामांनी सगळी कडवी गायली, एकही गाळलं नाही. सगळं सुखरूप झाल्याचा फोन आला, आम्ही देवाचे आभार मानले. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी मी आठपर्यंत झोपलो आणि मला लई बरं वाटलं. दार उघडून पाहतो तर दाराच्या तळाशी, आदल्या दिवशी नजरेतून सुटलेलं, खडूनं लिहिलेलं: 'तीन दिवस'. जाताना लिहून गेले होते, लबाड म्हातारा!

चौथ्या दिवशी सहाला मला आपोआप जाग आली. बाहेर आलो, तर शेठजी मामांच्या रिकाम्या ओट्याकडे बघत उभे. "करमत नाही हो, मास्तर," एवढंच म्हणाले.

पंधरवड्यानं मामा परतले, गळ्याला पट्टी बांधून. माझा जीव धास्तावला होता. आता हा माणूस सहा वाजता करणार काय? सहा वाजले. मामा ओट्यावर आले, पुस्तक उघडलं, ओठ हलू लागले, हात मांडीवर ताल देऊ लागला. आवाज नाही. चेहरा मात्र तोच, रोजचा, उजळलेला. मला राहवलं नाही. शेजारी बसलो आणि ते गीत मोठ्यानं गायला लागलो. माझा गळा काय सांगावा! मामांनी तोंड असं वेडंवाकडं केलं, की तीस वर्षांत त्यांनी सडक्या टोमॅटोकडेही तसं पाहिलं नसेल. पण ताल सोडला नाही.

गीत संपल्यावर त्यांनी माझा अंगठा धरला, आपल्या छातीवर दाबला आणि खिशातला खडू माझ्या हातात दिला. मला नीट दिसत नव्हतं, अक्षर वाकडं आलं. तरी मी ओट्यावर लिहिलं, 'दिल्ली'.