जर्मन गाडी चुकत नाही

कुणी जर्मन मोटारीचं कौतुक करायला लागलं की अजून माझं डोकं फिरतं. "यंत्र असावं तर जर्मनांचं" असं म्हणत कुणी ओटीवर ऐसपैस बसला, की मी उठून मागच्या दारी जातो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला खोड आहे. खोड कसली डोंबलाची! त्या गाडीची अब्रू राहावी म्हणून माझी गेली, आणि ती मी माझ्या हातानं सही करून दिली. एकदा काय ते लिहून टाकतो.

मी पोयनाडकडच्या भातशेतीवाल्या घरातला. मराठी सातवी झालो आणि पहिल्या लढाईत भरती होऊन बसऱ्याला गेलो. तिथे लष्कराच्या लॉऱ्या चालवायला शिकलो. तुर्कांकडून हाती लागलेली एक जर्मन लॉरी आमच्या तळावर होती. वाळूत आमच्या लॉऱ्या धापा टाकायच्या आणि ही आपली गुरगुरत पुढे. तेव्हापासून जर्मन यंत्राबद्दल मलाही आदर होता, खोटं कशाला बोलू? परत आलो आणि मोटारीचं लायसन काढलं. आमच्या गावात लायसनवाला मी एकटाच. लोक नावानं हाक मारेनासे झाले, "ड्रायव्हर" म्हणायला लागले. आई देवळात गेली की "ड्रायव्हरची आई आली, बसायला द्या" म्हणत. जमीन म्हणावी तर दोन तुकडे, शिक्षण बेताचं. माझ्याजवळ दाखवण्यासारखं होतं ते एवढंच, की या माणसाच्या हातात गाडी दिली तर ती सुखरूप पोचते.

किहीमला एका बॅरिस्टरसाहेबांची नारळाची वाडी आणि बंगला होता. त्यांच्याकडे मी नोकरीला लागलो. आधी एक जुनी अमेरिकन गाडी होती. मिठाच्या चळवळीनंतर दोनेक वर्षांनी साहेबांनी ती विकली आणि जर्मन घेतली. काळी, लांब, नाकावर तीन टोकांचा तारा. धरमतरच्या खाडीवर पूल नव्हता, मोटारी तरीवर, म्हणजे मोठ्या सपाट होडीवर चढवून पार करत. ती गाडी पहिल्यांदा तरीवर चढवली तेव्हा दोन्ही काठांवर माणसांची ही गर्दी! मीही नाक वर करून बसलो होतो, कबूल करतो.

साहेबांना त्या कारखान्याचं वेड लागलं. विलायतेहून पुस्तकं मागवली. पाहुणे आले की व्हरांड्यात बसवून सगळा इतिहास ऐकवायचे, आणि मी पायरीखाली उभा असल्यामुळे मलाही तो पाठ झाला. मूळचे दोन वेगळे कारखाने. दोघांचे मालक एकाच देशात, काही कोसांवर, एकाच सुमारास पेट्रोलची गाडी बनवत होते आणि एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही म्हणे. एकाची पहिली गाडी तीन चाकांची. दुसऱ्याच्या गाड्या विकणारा एक व्यापारी होता, त्यानं हट्टानं आपल्या लेकीचं नाव गाडीला द्यायला लावलं. लढाईनंतर जर्मनीत खायची मारामार झाली, गाड्या घेणार कोण? तेव्हा ते दोन वैरी कारखाने एकत्र येऊन एकच झाले. मग शर्यती जिंकल्या, राजेरजवाडे गिऱ्हाईक झाले. पुढे तिथल्या नव्या पुढाऱ्याचा उघड्या गाडीत उभं राहून काढलेला फोटो पेपरात आला, तोही साहेबांनी कापून ठेवला.

त्या गोष्टींमधली एक मला मनापासून आवडायची. तीन चाकीवाल्याची बायको. नवऱ्याच्या गाडीवर कुणाचा विश्वास बसेना, तर ही बाई त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, भल्या सकाळी गाडी काढून साठेक मैलांवरच्या माहेरी जाऊन आली. वाटेत ब्रेकची लाकडी ठोकळी झिजली. बाईनं एका चांभाराला गाठलं आणि ठोकळीवर चामडं ठोकून घेतलं. केवढी धीराची बाई! साहेब ही गोष्ट सांगून टाळ्या घ्यायचे. पण मला पायरीखाली वाटायचं, अहो, म्हणजे यांचा ब्रेक पहिल्याच लांबच्या फेरीत झिजला होता की! तो झिजला म्हणून बाईनं कुणाला बोल लावला नाही, चांभार शोधला. साहेबांना गोष्ट पाठ होती, पण ती त्यांच्या डोक्यात काही शिरली नव्हती. ते शेवटी एकच वाक्य बोलायचे, "ही गाडी चुकत नाही. चुकलाच तर माणूस चुकतो."

आता मूळ मुद्द्यावर येतो.

साहेबांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून गाडी पळवायची हौस. पुळणीवर पाणी ओसरलं की पाहुण्यांना बसवायचं आणि थळच्या दिशेनं सुसाट. मी दर वेळी सांगायचो, "साहेब, खारं पाणी लोखंड खातं." ते हसायचे, "अरे, जर्मन लोखंड आहे ते." घरी आलो की मी विहिरीचं गोडं पाणी काढून गाडीचं पोट धुवायचो. किती धुणार? पौष महिन्यात एक दिवस ब्रेक मऊ लागला. खाली शिरून बघतो तर चाकाकडे जाणाऱ्या नळीचा जोड गंजून पाझरत होता. त्या गाडीचा ब्रेक तेलावर चालायचा. पायानं दाबलं की नळीतलं तेल चाकापाशी जोर लावतं. जोड मी आवळला, गळती थांबली, पण तेल निम्म्याच्या खाली गेलेलं. आणि ब्रेकच्या तेलाचा डबा रिकामा.

मी म्हटलं, "साहेब, मुंबईच्या एजन्सीकडून तेल येईपर्यंत गाडी हलवू नये." दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईला निघायचं होतं, कोर्टात काम होतं. म्हटलं, रेवसहून बोटीनं जा. झालं! जणू मी शिवी दिली. "दारात ही गाडी असताना मी बोटीत कोंबड्या-करंड्यांशेजारी बसू?"

नेमकं त्याच दिवशी घाण्यावरून नवं खोबरेल आलं. आमच्याकडच्या वाडीवाल्यांची रीत अशी, की नव्या तेलाची पहिली वाटी देवाच्या समईला, आणि मग वाडीत जे जे फिरतं त्याला एकेक थेंब. विहिरीच्या रहाटाला, बैलगाडीच्या आसाला, कुलपांना, शिवणाच्या मशीनला. हळदकुंकू लावायचं, तेल सोडायचं, हात जोडायचे. साहेब विलायतेला जाऊन आलेले, पण ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. वाटी घेऊन ते गाडीपाशी आले. "हिलाच तर हवंय आज," म्हणाले. "तेल ते तेल. आपल्या वाडीचं, निर्भेळ. घाल."

मी म्हटलं, "साहेब, त्या डब्यातल्या तेलाला एरंडेलाचा वास यायचा. निदान एरंडेल तरी..."

"घाल म्हणतो ना!"

मी घातलं. ओतलं मीच, माझ्या या हातानं. नळ्यांतली हवा काढली, दुपारच्या उन्हात वाडीत चार फेऱ्या मारून बघितल्या. ब्रेक असा लागला की साहेब सीटवरून पुढे आले आणि खूश झाले. मीही निर्धास्त झालो.

गाढव दोघंही! आम्ही दोघंही नारळाखाली वाढलेली माणसं. पौषात खोबरेल थिजतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या बायका न्हाण्याआधी तेलाची बाटली उन्हात ठेवतात, लहान पोरही ती हलवून बघतं, पातळ झालं का म्हणून. आणि गाडीत घातलेलं तेच तेल पहाटेच्या गारठ्यात थिजेल, हे ना बॅरिस्टरच्या डोक्यात आलं, ना बसरा बघून आलेल्या ड्रायव्हरच्या! गाडीत गेलं म्हणजे ते खोबरेल उरलंच नाही, असं काहीतरी आम्हाला वाटलं असणार. जर्मन गाडी ना ती.

उजाडता उजाडता निघालो. साहेब मागे शालीत गुरफटून. दव असं की काच पुसून पुसून हात बधिर झाला. सपाट रस्त्याला ब्रेक लागतोच किती? कार्ले खिंड चढलो, उतार लागला, आणि पाय दाबतो तर पॅडल दगडासारखं. जागचं हलेना. हातब्रेक ओढला, गिअर खाली आणला, पण गाडीचं ते वजन! वळणावर समोर थळच्या कोळणी, सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पोयनाडच्या बाजाराला निघालेल्या. हॉर्न वाजवला. सगळ्या एका बाजूला झाल्या, एक मागे राहिली. मी गाडी डोंगराच्या अंगावर घातली. कडेला आपटून गाडी थांबली, पण पुढचं चाक त्या बाईच्या गुडघ्यावरून गेलं. रस्ताभर सोडे आणि बोंबील. ती ओरडली नाही. पाटीकडे बघत बसली होती.

बायकांनी तिला झोळीत घालून अलिबागला नेलं. साहेबांच्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही.

फौजदार आणि त्याच्याबरोबरचा मिस्त्री येईपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. मिस्त्रीनं पॅडल दाबलं. लोण्यासारखं आत गेलं आणि चाक घट्ट धरलं. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. "ब्रेक उत्तम आहेत," म्हणाला. अर्थातच उत्तम होते! तेल पातळ झालं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तेलाचं बोलू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "ओतलंस तू. मी सांगितलं याला साक्षीदार कोण? पाय घसरला म्हण. पुढचं मी बघतो. नोकरी तुझी आहे, हा माझा शब्द."

आणि मग माघारी जाऊन फौजदाराला, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, या कारखान्याची गाडी आहे. अख्ख्या जगात विचारा. हिचा ब्रेक चुकत नाही."

फौजदारानं मान डोलावली. त्यानं आयुष्यात तसली गाडी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली होती, पण नाव ऐकून होता. माझं नाव खिंडीपलीकडे कुणी ऐकलं होतं? मी कागदावर सही केली. "माझा पाय ब्रेकवरून घसरला." अक्षर चांगलं आलं होतं, सातवी पास ना मी.

लायसन रद्द झालं. पुढल्याच महिन्यात साहेब म्हणाले, "लायसन नसलेला ड्रायव्हर ठेवून मी काय करू, तूच सांग." दिलेल्या शब्दाचं त्यांनी नावही काढलं नाही. माझ्या जागी आलेला नवा ड्रायव्हर पुढे मला सांगत होता, साहेब पाहुण्यांना खिंडीची गोष्ट ऐकवतात, केवढी धडक, पण गाडीला नुसता पोचा. आणि शेवटी म्हणतात, "गाडी जर्मन, ड्रायव्हर आपला!" पाहुणे पोट धरून हसतात.

मी थळला गेलो होतो त्या बाईकडे. काठी घेऊन दारात बसली होती. पाय वाळल्यासारखा झाला होता. मी तिला सगळं खरं सांगितलं, तेलापासून सहीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्ये मना कशाला सांगतंस? त्या फौजदाराला का नाय सांगितलंस?" घरातून तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं, ते प्यालो आणि निघालो.

बायकोलाही मी खरं सांगितलं होतं. नोकरी गेली त्याच दिवशी, जेवायला वाढत होती तेव्हा. ती भात वाढत राहिली. मला वाटलं, निदान घरात तरी आपण सुटलो.

त्यानंतरच्या चैत्रात धाकट्या लेकीला घेऊन आम्ही बायकोच्या माहेरी निघालो होतो. बैलगाडी भावाची, बैल आमचेच, लहानपणापासून माझ्या हाताखालचे. कासरा माझ्याकडे होता, भाऊ मागे बसला होता. खाडीच्या बांधाकडे उतरणारा उतार आला तशी बायको म्हणाली, "भावजी, इथे तुम्ही पुढे या. कासरा तुम्ही धरा."

मला वाटलं, मला विश्रांती म्हणून म्हणते. म्हटलं, "राहू दे गं, मी नेतो."

"नको. भावजींना द्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, "अगं, माझा पाय घसरला नव्हता. तुला सांगितलंय ना मी!"

"सांगितलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मला एक सांगितलंत आणि सरकारला सही करून दुसरं सांगितलंत. त्यातलं मी कुठलं धरू? पोर माझ्या मांडीवर आहे हो."

भाऊ खाली बघत होता. मी कासरा त्याच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसलो.