शगुफ्ता आपाचं जड स्टेरिंग

लोहाऱ्यात बायांले गाडी शिकवणारी बाई एकच, शगुफ्ता आपा. तिच्याबद्दल सांगायचं तं आधी तिच्या ओढणीपासून सांगावं लागते. आपा डोक्यावर ओढणी घे ती डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर पडून राहे. मले वाटे, नखरा हाय बाईचा, पन्नाशी आली तरी ऐट पाहा! आता आठवलं का स्वतःचाच राग येते. माह्या जिभेले काही हाड?

ड्रायव्हिंग क्लास मुळात तिच्या नवऱ्याचा, अय्याजचा. तो छातीत दुखून अचानक गेला आन क्लासची जुनी छोटी गाडी तेवढी मागं राह्यली. पोट्टे शिकाले येत ते बंद झाले. बाईकडून शिकलो असं चारचौघात कोण सांगन? मंग बाया याले लागल्या. घरचे म्हणत, बाई शिकवते ना, मंग जा. तवापासून आपा सकाळपासून दिवस बुडेपर्यंत डाव्या सीटवर. पायाखाली तिचा वेगळा ब्रेक, आन उजवा हात आमच्या स्टेरिंगवर. आमच्यानं वळलं नाही का तिनं ओढायचं. "दबा के बेटा, दबा के," हेच दिवसभर.

माही गरज साधी होती. मी न् माहा नवरा बादल, आम्ही बाजारात लहान पोरांचे कपडे विकतो. घाटंजीचा बाजार आमचा मोठा. कपड्याचे गठ्ठे आमच्या गाडीत कोंबायचे, बादल चालवे, मी मांगं गठ्ठ्यांत बसे. या हिवाळ्यात शुगरनं त्याचे डोळे आतून खराब केले. डाक्टर म्हणे, गाडी बंद. बादलचा चुलतभाऊ पूनमसिंग लगेच हजर, म्हणे होळीले मी घेऊन जातो गाडी, उगाच दारात सडवता कायले? गाडी गेली का बाजार गेला. एवढे गठ्ठे घेऊन एसटीत कोण चढू देते? म्हणून म्हटलं, मी शिकते. बादल हसला नाही, हे त्याचं चांगलं. फक्त म्हणाला, "आधी क्लासात शीक. मंग घरच्या गाडीले हात लावजो."

एमआयडीसीतले रस्ते रुंद, सुट्टीच्या दिवशी तं रिकामेच. तिथं पहिल्या दिवशी मी स्टेरिंग धरलं, आन बाप्पा! हलेच ना. दात खाऊन, दोन्ही हातांनी, सीटवरून अर्धी उठून ओढलं तवा कुठं गाडी वळली, ते बी नालीकडे. आपानं बाजूनं हात घातला आन सरळ केली. तिचा एक हात पुरे. बादल तं एका बोटानं फिरवे, दुसऱ्या हातानं तंबाखूचा खर्रा चोळत. मंग मलेच काय झालं?

रोज तेच. रात्री दंड ठणकत. सकाळी भाकर थापाले हात उठे ना. कपड्याचे गठ्ठे उचलले मी, लहानपणी कापूस वेचला, विहिरीचं पाणी ओढलं, आन हे एवढंसं गोल चाक मले ऐके ना! एका दुपारी बादल झोपला होता. मी चोरून घरच्या गाडीत जाऊन बसली. चाबी त्याच्या खिशात होती, पण म्हटलं स्टेरिंग तं फिरवून पाहू. ते तं क्लासच्या गाडीपेक्षाही जड! झालं, पक्कं झालं. गाडी कोणतीबी असो, खोट माह्या हातात हाय.

आमच्या गल्लीच्या टोकाले विमलताई राह्यते. मांगं ती पण आपाकडे शिकाले गेलती, थोड्याच दिवसांत सोडलं. मी क्लास लावला तवाच तिनं मले सांगितलं होतं, "अवं, ते आपल्या हातचं नाही. त्याले बाप्या माणसाचे हात लागते." तवा मी तिले हसली. आता वाटलं, खरंच बोलली बाई.

मंग एक दिवस वळणावर माह्यानं स्टेरिंग परत आणणंच झालं नाही. समोरून सायकलवाला. आपानं ब्रेक मारला म्हणून वाचला. तो माणूस आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेला. मी दार उघडलं, खाली उतरली. "आपा, मी नाही येत उद्यापासून. माह्याच हातात जोर नाही."

आपा समोरच्या काचेतून पाहत राह्यली. एवढे दिवस शिकवलं, एका शब्दानं तं थांबवायचं! लय वाईट वाटलं मले. पायी घरी आली आन बादलले म्हटलं, सांग पूनमसिंगले, ने म्हणा. बादलनं हाव म्हटलं न् तोंड फिरवलं.

दोन-चार दिवसांनी, उन्हं उतरता उतरता, आपा दारात उभी. पायी आलेली. उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. मी पाणी देलं तं ग्लास तिनं डाव्या हातानं घेतला.

"राखी, चाबी ला गाडीची," ती म्हणाली.

"कायले आपा? ती गाडी तं चालली आता."

"ला म्हणते ना."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, बादलनं मुकाट्यानं खिशातून चाबी काढून देली. आपानं मले स्टेरिंगवर बसवलं, स्वतः डाव्या बाजूले बसली. "चालू कर." मी गाडी चालू केली. "आता फिरव."

मी सवयीप्रमाणे पाय रोवले, दात खाल्ले, सगळा जोर लावून ओढलं. आन स्टेरिंग गर्रकन फिरलं! मी अख्खी आपाच्या अंगावर. "याडी!" आमच्या बंजारा तांड्यावरची हाक निघाली तोंडातून, माय आठवली. पुन्हा फिरवलं, इकडून तिकडे. एका हातानं. मंग एका बोटानं, बादलसारखं.

"गाडी बंद असली का कोणतंबी स्टेरिंग जडच राहते, पगली," आपा म्हणाली. मी चोरून पाह्यलेलं बादलनंच तिले सांगितलं असन, म्हणजे तो झोपला नव्हता. "त्याच्यात मोटर असते जोर द्याले. गाडी चालू तं मोटर चालू. तुझ्या हाताले काही नाही झालं. माझ्या गाडीची मोटर गेली, लय दिवस झाले."

तिचा भाऊ अन्सार मेकॅनिक हाय. मोटर कधी चाले, कधी मधातच बंद पडे. अन्सार म्हणाला, भरोसा नाही, एकदमच बंद केलेली बरी. त्यानं तिचा फ्यूज काढून टाकला. नवी मोटर टाकणं त्या गाडीले परवडणारं नव्हतं. मीटरवर पिवळा दिवा सारखा पेटून राहे, त्याच्यावर आपानं काळी पट्टी चिकटवली. मी पाह्यली होती ना ती पट्टी! मले वाटलं, काच तडकली असन.

"मंग सांगितलं काहून नाही?" मी ओरडली. खरंच ओरडली, बादल दारापर्यंत आला.

"सांगितलं असतं तं कोण आलं असतं बिघडलेल्या गाडीत शिकाले?" आपाचा आवाज एकदम खाली गेला. "आन कोणी विचारलंच नाही, राखी. एका बाईनं म्हटलं नाही का आपा, तुझी गाडी खराब हाय. सगळ्या म्हणत, आपा, माझ्याच हातात जोर नाही. मी चुप बसे. परवा सकाळी उठली तं हा हातच उठे ना. डाक्टर म्हणते खांदा जाम झाला. क्लास बंद केला मी. थक गई बेटा, बहोत थक गई."

मले राग होता, मोठा राग होता. पण त्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाह्यलं आन तो कुठं ठेवावा ते समजे ना. याच हातानं माही गाडी रोज नालीतून वाचवली.

"विमलताईचं घर पाह्यलं हाय ना तू?" आपा म्हणाली. "चल. तू चालव. तिले बी सांगते."

मी गाडी काढली. बादलले ओरडून सांगितलं, "पूनमसिंगले फोन कर, गाडी नाही द्यायची म्हणा!" तो उभा होता तिथूनच हसला. गाडी कसली, जडाची सवय असल्यानं मी दर वेळी जास्तच वळवे, गल्लीभर आमची नागमोडी वरात. "हौले, बेटा, हौले," आपा म्हणे. एवढ्या दिवसांत हे नवीनच ऐकलं.

विमलताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आपानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विमलताईनं सूप बाजूले ठेवलं.

"आमच्या घरच्यानं तं गाडी विकून टाकली," ती म्हणाली. "म्हणे तुह्या हातात जोरच नाही, मंग दारात उभी करून पूजा करू काय तिची? मी म्हटलं, खरंच हाय. विका."

आपानं मान खाली घातली. विमलताई उठली, हात पदराले पुसले, आन आमच्या गाडीपाशी आली. "बसू काय वं राखी थोडी?"

मी उतरली. गाडी चालूच होती. ती बसली, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले, हळूच डावीकडे फिरवलं, मंग उजवीकडे. खाली मातीत चाकं करकर वळली.

"अव्व माय, किती हलकं हाय वं हे," ती म्हणाली. "मनात आलं का केळापूरले मायकडे जाईन म्हटलं होतं मी. कोणाले विचारायचं नाही, असं."

आपानं डाव्या हातानं ओढणीचा पदर तोंडाशी धरला होता. आम्ही दोघी काचेपाशी उभ्या राह्यलो. विमलताई स्टेरिंग फिरवत राह्यली, डावीकडे, उजवीकडे, आन गाडी जागेवरच होती.