दादाच्या नावाने पट्ट्यावर

मला कोणाचीही नक्कल येते. डेपोतला कंडक्टर, चाळीतले म्हातारे, शाळेतले सगळे मास्तर. त्यात दादाची सगळ्यात सोपी. फेंगडं चालायचं, घसा खाकरायचा आणि शेवटी "काय बोलतो?" टाकायचं. खिडकीबाहेरून केली तर वहिनीपण फसायची, चहा टाकायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दादा अंबरनाथला एका कारखान्यात बॉयलरवर होता. वय अडतीस. विठ्ठलवाडीचा आमचा जिना चढताना त्याच्या छातीत आवळायचं. कंपनीच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, उल्हासनगरात मशीन आलंय, पट्ट्यावर चालवून हार्टचा आलेख काढतात, तो घेऊन ये.

दादाची फाटली. "अनफिट लिहिलं तर बॉयलरवरनं काढतील. मग गेटवर बसून सलाम ठोकू?"

"मी जातो की तुझ्या जागी," मी म्हटलं. "तुझी ॲक्टिंग तुझ्यापेक्षा भारी करतो."

मस्करीच होती. पण तो हसला नाही. म्हणाला, "जाशील?"

गेलो. त्याचा शर्ट, त्याचा चष्मा, कानशिलांना पावडर. चष्म्यातून सगळं धूसर, पट्ट्यावर चढतानाच धडपडलो. छातीला वायरी चिकटवल्या, पट्टा सुरू झाला, चढ वाढत गेला, तरी मी फेंगडंच चालत होतो. सिंधी असिस्टंट खूश. "वाह साईं, दम है!" डॉक्टर कागद बघत म्हणाले, "अडतीस? हार्ट तर कॉलेजच्या पोरासारखं आहे तुमचं." हसू दाबताना माझा जीव गेला.

दादाला सगळं करून दाखवलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आई आणि वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. वहिनीने तो रिपोर्ट देवापुढे ठेवला.

मला वाटलं, आता तो गुपचूप दुसरीकडे दाखवेल. तसं ठरलंच होतं आमचं. पण पुढचा महिना, मग गणपती झाल्यावर, असं चाललं. एके दिवशी ड्युटीवरून आला आणि जिन्यातच बसला. डावा हात चोळत होता.

"दादा, चल ना. खरी टेस्ट करू."

"कशाला? रिपोर्ट नॉर्मल आहे ना? गॅस असेल."

तो थट्टा करत नव्हता. घरात, चाळीत सगळ्यांनी इतक्यांदा नॉर्मल नॉर्मल म्हटलेलं की त्यालाही ते कागद आपलेच वाटायला लागले होते. आणि मी काय केलं? खाली जाऊन सोडा आणून दिला.

दिवाळीच्या आधी, सकाळच्या पाळीत, बॉयलरसमोरच गेला तो.

तेरावं झालं आणि वहिनीने रिपोर्ट काढला. "भावजी, चला. चांगलंय चांगलंय सांगून त्या डॉक्टरने माझा माणूस घालवला. मी सोडायची नाही त्याला."

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तो आलेख उजेडात धरला. बराच वेळ बघितला. एवढासा आवाज झाला त्यांचा. "बाई, मला यात काहीच दिसत नाहीये. माझंच काहीतरी..."

मला ऐकवेना. "वहिनी, हा दादाचा नाही. माझा आहे. त्याच्या नावाने मी आलो होतो."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. वहिनीने विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"त्याला बॉयलर सोडायचा नव्हता."

"म्हणजे मलाच नव्हतं माहीत."

ती उठली, डॉक्टरांना हात जोडले. रिक्षात ती एका कडेला, मी दुसऱ्या. विठ्ठलवाडी आल्यावर म्हणाली, "आईंना यातलं काही सांगू नका. त्यांना आता तुम्ही एकटेच उरलात."

मी मान हलवली. ती पुढे होऊन जिना चढायला लागली.